तोडणीच्या क्रमपाळीत मातीचाही रकाना ठेवा : कोल्हापूरच्या साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व संचालक आणि मुख्य शेती अधिकारी,
कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी व खासगी साखर कारखाने

विषय : पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळणे, ओल्या रानात वाहने घालणे आणि महापुरानंतर जमीन उघडी ठेवणे यांमुळे मातीतल्या बुरशीची व जिवाणूंची होणारी हानी आणि त्याबाबत कारखान्यांनी घ्यायचे निर्णय

स. न. वि. वि.

हंगाम तोंडावर आला की शेती विभागात नोंदींची जुळवाजुळव सुरू होते. कोणत्या गटात आडसाली (पावसाळ्यातली लागण) किती, पूर्वहंगामी (पावसाळ्यानंतरची लागण) किती, खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस) किती, तोडणी मजुरांच्या टोळ्या किती आल्या, हार्वेस्टर किती लागतील. या कागदांवर जमीन दिसते ती एकर-गुंठ्यांत. तिच्या वरच्या वीतभर थरात जे जगते, ज्याच्या जिवावर पुढचा खोडवा उभा राहायचा असतो, त्याला या कागदांत कुठेच जागा नाही. ती जागा तुम्ही करावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

शेतकऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत, त्याला कारण आहे. पाचट पेटवू नका, हे शेतकऱ्याला गेली कित्येक वर्षे सांगून झाले आहे आणि बहुतेकांना ते पटलेही आहे. पण फडाला चूड लागते तेव्हा तो निर्णय क्वचितच त्याच्या एकट्याचा असतो. तोड लांबलेली असते, टोळी पेटवल्याशिवाय कोयता लावायला तयार नसते, पुढच्या पाण्याची पाळी हुकणार असते. ट्रॉली ओल्या रानात शिरते तीही क्रमपाळीत (कोणाचा ऊस कधी तोडायचा या यादीत) नंबर आला म्हणून. मातीत काय जगणार आणि काय मरणार, याचा बराचसा निकाल तुमच्या कार्यालयात लागतो.

मरते काय, ते आधी नीट पाहू. तीन महिन्यांच्या खोडव्याच्या बेटाजवळ खुरप्याने अर्धी वीत उकरा, केसासारखी बारीक पांढरी मुळे काढा आणि पाण्यात हलकेच धुवा. नुसत्या डोळ्यांना मूळच दिसेल. तेच मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर पेशींच्या आत झाडाच्या फांद्यांसारखी फुटत गेलेली बुरशी दिसते. ही अर्बस्क्युलर मायकोरायझा. तिचा अर्धा संसार मुळाच्या आत आणि अर्धा बाहेर मातीत, धाग्यांच्या जाळ्यात. धाग्याची जाडी २ ते १० मायक्रॉन, त्यामुळे मातीच्या ज्या फटीत मूळ शिरत नाही तिथे धागा शिरतो. स्फुरद (फॉस्फरस) मातीत जागचा फारसा हलत नाही. मूळ आपल्याभोवतीच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधला स्फुरद उचलते आणि मग त्याच्याभोवती रिकामे कडे पडते. बुरशीचा धागा ते कडे ओलांडून काही सेंटिमीटर पलीकडचा स्फुरद आणि जस्त आणून देतो. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरीकडच्या तांबड्या-जांभ्या रानात लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात तेच काम चुना करतो. पोत्यातून टाकलेल्या स्फुरदाचा मोठा वाटा दोन्हीकडे अडकून पडतो, म्हणून या धाग्यांची गरजही दोन्हीकडे सारखीच.

या कामाची मजुरी ऊस साखरेत देतो. पानांनी तयार केलेल्या अन्नापैकी ४ ते २० टक्के वाटा वनस्पती या बुरशीला देतात, असे मोजमाप वेगवेगळ्या पिकांत झाले आहे. तिचे दुबळेपणही यातच आहे. जिवंत मुळाशिवाय तिची वाढ होत नाही. ट्रायकोडर्मा नावाची उपयोगी बुरशी ज्वारीच्या दाण्यावर पिशवीत वाढवता येते, मायकोरायझा येत नाही. मूळ मेले की ती बीजाणूंच्या रूपात किंवा जुन्या मुळांच्या तुकड्यांत वाट पाहत राहते. तिथून नवे जाळे उभे राहायला काही आठवडे जातात आणि उसाला फुटवे फुटण्याचे दिवसही नेमके तेच असतात.

आता आगीबद्दल. पेटवल्याने जमीन निर्जीव होते, असे सरसकट सांगितले जाते. ते खरे नाही आणि शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते की जळालेल्या रानातही ऊस उगवतो. म्हणून असे सांगणाऱ्यावरचा त्याचा विश्वास उडतो. वाळलेले पाचट भरकन पेटते आणि लवकर विझते. पृष्ठभागावर तापमान काहीशे अंशांवर जाते, पण माती उष्णता सावकाश आत नेते आणि चार-पाच सेंटिमीटर खाली ते फारसे चढत नाही. हानी होते ती वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये, आणि तिथेही सगळ्यांची सारखी नाही. बहुतेक बुरशा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटांत मरतात. बॅसिलससारखे बीजाणू करणारे जिवाणू त्याहून पुष्कळ जास्त सोसतात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू मात्र नाजूक. म्हणून जळालेल्या रानात जिवाणू लवकर परततात आणि बुरशी मागे राहते.

आगीपेक्षा मोठा घाव उपासमारीचा असतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. दहा टनांचा हिशेब घातला तर ५० किलो नत्र, २० किलो स्फुरद, ७० ते १०० किलो पालाश आणि तीन-चार टन कर्ब. नत्र बहुतांश धुरात जाते. स्फुरद आणि पालाश राखेत उरतात, पण ती राख वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने हलते. कर्ब हे बुरशीचे पुढच्या सहा-आठ महिन्यांचे अन्न. पाचटातले लिग्निन फोडायचे काम मुख्यतः तीच करते. ते अन्न तासाभरात संपते आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात माती उघडी पडते. ज्या थरात एरवी सावली आणि ओल असायची, तो थर दुपारी चटका बसेल इतका तापतो, आणि हे एक दिवस नाही, पाऊस येईपर्यंत रोज.

उभा फड पेटवून तोडला तर नुकसान तुमच्या गाळपालाही पोचते. आगीने कांडीवरचा मेणाचा थर जातो, साल तडकते आणि त्या फटींतून ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू आत शिरतो. तो साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतो. रस दाट होतो, गाळणीला अडतो, साखरेचा दाणा लांबट पडतो, उतारा (उसातून निघणारी साखर) घसरतो. ऊस यार्डात जितका ताटकळेल तितके हे वाढत जाते. म्हणूनच जळीत ऊस लवकर गाळावा लागतो, आणि गाऱ्हाणे नेमके इथेच आहे. जळीत उसाला आधी तोड मिळते, हे एकदा गावात पसरले की क्रमपाळीत मागे असलेल्याच्या हाती काडी येते. नियम साखर वाचवण्यासाठी केला आणि त्याचा परिणाम फड पेटवण्यात झाला.

यावर आमचे म्हणणे असे. विजेच्या तारांच्या घर्षणाने किंवा शेजारच्या बांधावरून आग आली असेल, तर पंचनामा करून तो ऊस दरात कपात न करता आणि लगेच न्यावा. मुद्दाम पेटवलेला ऊस गाळपाला न्यावाच लागला, तरी त्याच गटातल्या हिरव्या उसाचा नंबर त्याच्यासाठी मागे ढकलू नये. कपात फक्त शेतकऱ्याच्या बिलातून होत असेल, तर पेटवण्याचा आग्रह धरणाऱ्याला तिची झळच लागत नाही. मग तोडणी-वाहतूक करारातल्या कमिशनलाही ती लागू करावी. तोडणी मजुरांची बाजूही समजून घ्यायला हवी. पाचटाने अंग कापते, साप-विंचवाची भीती असते आणि मजुरी टनावर असल्याने पाला सोलण्यात गेलेला वेळ त्यांच्याच पोटातून जातो. तेव्हा न पेटवता, जमिनीलगत तोडलेल्या उसाला टनामागे वेगळा, जास्त तोडणी दर द्यावा आणि तो एंट्री-खुशालीच्या (शेतकऱ्याकडून वरकड घेतल्या जाणाऱ्या पैशांच्या) वाटेने न जाता सरळ टोळीच्या हिशेबात जमा व्हावा. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते, म्हणजे जमिनीलगत तोडीचे पैसे तुमच्याकडेच परत येतात.

पाचट राखलेल्या खोडव्याची पद्धत पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने केव्हाच घालून दिली आहे. कागदावर ती सगळ्यांना पाठ आहे. रानात ती बिघडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तोड झाल्यापासून पंधरा दिवसांत पहिला टप्पा उरकायला हवा. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) उचलून झाले की पाचटाचे ढीग मोडून ते सऱ्यांत सारखे पसरायचे आणि बेटांवर पडलेले बाजूला ओढून बुडखे उन्हाला मोकळे करायचे. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीबरोबर छाटायचे. वर ठेवलेल्या डोळ्यांतून येणारा फुटवा जमिनीत स्वतःची मुळे धरत नाही आणि पुढे मरतो. छाटलेल्या बुडख्यांवर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डॅझिम घेऊन फवारायचे. मग पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया आणि १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट फेकायचे, म्हणजे एकरी ३२ आणि ४० किलो, आणि पाचट कुजवणारे संवर्धक हेक्टरी १० किलो, एकरी ४ किलो. संवर्धक ओलसर शेणखतात कालवून पसरायचे. पाणी द्यायचे आणि ओल्या सरीत पाचट पायांनी दाबून मातीला टेकवायचे. वाफसा आला (माती ओलसर, पण चिकटत नाही अशी झाली) की पहारीने खत: बेटापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ सेंटिमीटर खोल, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर. निम्मे खत एका बाजूला पंधरा दिवसांत आणि निम्मे दुसऱ्या बाजूला सुमारे १३५ दिवसांनी. बगला फोडायच्या (सरीच्या बाजू नांगरायच्या) नाहीत, भर लावायची नाही. पहार म्हटले की खताची बचत आठवते. आमच्या दृष्टीने तिची खरी कमाई ही की सरीतले धाग्यांचे जाळे न तुटता जसेच्या तसे नव्या मुळांच्या हाती पडते.

चुका कुठे होतात? सगळ्यात महागात पडणारी चूक बुरशीनाशकाची. पंपाचा नोझल बुडख्यावरून सरीवर, पाचटावर, सगळीकडे फिरतो. संशोधकांना प्रयोगासाठी मायकोरायझा मुद्दाम दाबून टाकायची असते तेव्हा ते बेनोमिल वापरतात, आणि बेनोमिलचे मातीत कार्बेन्डॅझिमच होते. जे औषध बुडखा सडू नये म्हणून उपयोगी, तेच रानभर मारले तर आपली बुरशी, वरून टाकलेला ट्रायकोडर्मा आणि हुमणीला (मुळे खाणाऱ्या अळीला) रोग लावणारी मेटारायझियम बुरशी, सगळ्यांवर पाणी. फवारा बुडख्यावरच थांबला पाहिजे आणि संवर्धकाचा दिवस त्यानंतर चार-पाच दिवसांनी धरला पाहिजे. दुसरी चूक, युरिया आणि संवर्धक एकाच बादलीत कालवणे. तीव्र द्रावणात जिवाणू तगत नाहीत. तिसरी, भर दुपारी कोरड्या पाचटावर संवर्धक उधळणे. आणि चौथी म्हणजे युरियाच न टाकणे. पाचटात कर्ब-नत्राचे प्रमाण ऐंशीला एकच्या घरात असते, कुजवणाऱ्या जीवांना पंचवीसला एकच्या आसपास लागते. तूट ते मातीतल्या नत्रातून भरून काढतात, महिनाभर खोडवा पिवळा दिसतो आणि शेतकरी म्हणतो, पाचट ठेवले म्हणून ऊस बसला. तो पाहतो ते खरेच असते, फक्त कारण युरियाच्या न टाकलेल्या ३२ किलोंत असते. भारी, पाणी धरणाऱ्या रानात सगळ्या सऱ्या भरू नयेत, एकाआड एक भराव्यात. नाहीतर पाणी पुढे सरकत नाही आणि खालचे पाचट हवेविना आंबते. उंदरांचा त्रास आणि शेजारून येणारी आग या दोन्हींसाठी बांधालगतचा आठ-दहा फुटांचा पट्टा पाचटाविना ठेवावा. तुमच्या चिटबॉयला (गटातल्या उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला) एवढे ठाऊक असले तरी निम्मे काम होईल, कारण त्या पंधरा दिवसांत बांधावर उभा असणारा तोच एक माणूस असतो.

वाहनांविषयी थोडक्यात. नोव्हेंबरात परतीच्या पावसाने भिजलेल्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली किंवा हार्वेस्टर घातला, तर चाकाखालची मोठी छिद्रे मिटतात. बुरशीचे धागे आणि हवा याच छिद्रांतून जातात. उरतात त्या बारीक फटी, ज्यांत पाणी अडकून राहते. त्या पट्ट्यात पुढे रोटाव्हेटर कितीही फिरवला तरी तो वरचे चार-पाच इंच भुगा करतो आणि खाली गुळगुळीत तळ पाडतो. कॅनडात मक्यावर झालेल्या प्रयोगांत मशागतीने बुरशीचे जाळे तोडले, तेव्हा रोपांनी सुरुवातीच्या आठवड्यांत घेतलेला स्फुरद कमी भरला, माती तीच असूनही. रान चालण्याजोगे आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही. अर्ध्या वीत खोलीवरची मूठभर माती घ्या, तळहातांमध्ये वळा. काडीपेटीतल्या काडीएवढी, साधारण ३ मिलिमीटर जाडीची वळी न तुटता वळली, तर रान ओले आहे आणि ट्रॉली बांधावरच थांबायला हवी. ही परीक्षा क्रमपाळीत लिहा. ओल्या रानाचा नंबर चार दिवस मागे गेला तरी त्याचा हक्क जाणार नाही, असे लेखी द्या. नाहीतर नंबर हुकण्याच्या धास्तीने शेतकरी स्वतःच ट्रॉली आत बोलावतो.

आता महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की बातम्या सुरू होतात आणि पाणी उतरले की थांबतात. जमिनीचे आजारपण तिथून पुढे सुरू होते. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीच्या काठापासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत ऊस पाण्याखाली राहिला. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. बुडालेल्या मातीतला उरलासुरला ऑक्सिजन तिथले जीव एक-दोन दिवसांत संपवतात. मग नायट्रेटवर श्वास घेणारे जिवाणू पुढे येतात आणि जमिनीतले नत्र वायू होऊन निघून जाते. त्यानंतर मँगनीज, मग लोह, मग गंधकाची पाळी, आणि शेवटी मिथेन. कुदळीने एक ढेकूळ उलटून पाहा: आत निळसर-राखाडी पट्टे दिसतात ते लोहाचे, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाचा. पहिल्या वळवाला जो मातीचा वास येतो तो ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंनी केलेल्या जिओस्मिनचा. तो वास परत आला म्हणजे रानात हवा खेळू लागली, एवढे बांधावर उभे राहूनही कळते.

जिवाणूंत हवेविना जगणारे पुष्कळ असतात. बुरशीला बहुतांशी हवा लागते. त्यात ऊस मेला की मूळ मेले, आणि मूळ मेले की मायकोरायझाचे अन्न बंद. अमेरिकेत १९९३ च्या मिसिसिपी खोऱ्यातील महापुरानंतर, बुडून पडीक राहिलेल्या रानांत पुढच्या वर्षी मका पेरला, तेव्हा रोपे खुजी आणि जांभळी पडली. ही स्फुरदाच्या कमतरतेची खूण. माती तपासली तर स्फुरद पुरेसा होता. तो मुळापर्यंत पोचवणारी बुरशी उरली नव्हती. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत बराच काळ पडीक ठेवलेल्या रानांतही हेच आढळले आहे. आपल्याकडे पूर ओसरल्यावर पिवळा-जांभळा ऊस दिसला की पहिला सल्ला डीएपी हे स्फुरदाचे खत वाढवण्याचा असतो. स्फुरद मुबलक मिळाला की वनस्पती बुरशीला साखर देणे आखडते घेते, मुळातली वसाहत आणखी घटते आणि पुढच्या वर्षी डीएपी पुन्हा वाढवावे लागते.

म्हणून पूरग्रस्त गटांसाठी कारखान्याची मदत बेणे आणि खताच्या उधारीपुरती न ठेवता तागाच्या बियाण्यापासून सुरू व्हावी. ऊस पूर्ण मेलेल्या रानात आधी सऱ्यांची तोंडे फोडून पाणी काढायचे. वाफसा येईपर्यंत नांगर-रोटर काही नाही. गाळाचा पापुद्रा वाळून तडकू लागला की हलक्या कुळवाने मोडायचा आणि सप्टेंबरात ताग एकरी २० ते २५ किलो किंवा धैंचा १८ ते २० किलो पेरायचा. दोन्हींच्या मुळांवर मायकोरायझा चांगली वसते आणि गाठींतले जिवाणू नत्रही बांधतात. ४५ ते ५० दिवसांत फूल दिसू लागले की कापून वरच्या थरात मिसळायचे, म्हणजे पूर्वहंगामी लागण चुकत नाही. पाणी खूप उशिरा उतरले असेल तर मका किंवा ज्वारी दाट पेरून वैरण घ्यावी. मुळे जिवंत राहिली, एवढे पुरे. मोहरी, कोबी, फ्लॉवर या कुळात मायकोरायझा वसत नाही, त्यामुळे या कामाला ती पिके उपयोगाची नाहीत. ऊस तगला असेल तर लगेच युरिया ओतू नये. माती ओली असेपर्यंत त्यातल्या नत्राचा मोठा भाग पुन्हा वायू होऊन जातो. आधी निचरा, मग वाफसा, मग खत पहारीने.

शिरोळ-हातकणंगल्यातल्या क्षारपड आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट बनलेल्या) रानांचा प्रश्न वेगळ्या पत्राचा आहे. इथे एवढेच की मातीची विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की क्षार सूक्ष्मजीवांच्या पेशींतले पाणी ओढतात, आणि अशा रानात संवर्धकाची पाकिटे वाटणे म्हणजे पैसा पाण्यात. तिथे आधी सच्छिद्र पाइपचा निचरा, चोपण असेल तर माती तपासून जिप्सम, आणि मग जीव.

तुमच्या आवारातल्या दोन गोष्टींबद्दलही बोलायला हवे. गाळलेल्या उसाच्या ३ ते ४ टक्के प्रेसमड (रस गाळताना उरणारी मळी) निघते. ती गॅस प्रकल्पांकडे जायला लागली आहे; व्यवहार म्हणून ते ठीक, पण सभासदांच्या रानातून आलेल्या स्फुरद-चुन्याचा काही वाटा तरी रानात परत गेला पाहिजे, निदान प्रकल्पातून उरणारा चोथा तरी. ताजी, वाफाळती प्रेसमड थेट सरीत टाकू नये. कुजताना ती तापते आणि मुळांजवळचा ऑक्सिजन खाते. सहा ते आठ आठवडे ढीग उलथापालथ करून, थंड झाल्यावरच द्यावी. आसवनीचा कच्चा स्पेंट वॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी) तर कुठल्याही सबबीवर रानात किंवा ओढ्यात सुटता कामा नये. त्याची जैविक ऑक्सिजन मागणी (त्यातली घाण कुजवताना जीवांना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. पुरात मातीतला ऑक्सिजन संपतो, तसाच तोही संपवतो.

शेवटचा विषय तपासणीचा, आणि आमचा सर्वाधिक आग्रह याचाच आहे. मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. जिवंत असे त्यात काहीच मोजले जात नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्युरेट, गरम पाण्याचे भांडे आणि सूक्ष्मदर्शक असतील, तर आणखी तीन गोष्टी फार खर्चाशिवाय पाहता येतात.

पहिली मातीचा श्वास. ५० ग्रॅम ताजी, ओलसर, २ मिलिमीटर चाळणीने चाळलेली माती हवाबंद बरणीत घ्या. शेजारी छोट्या बाटलीत अर्धा नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे २० मिलिलिटर द्रावण ठेवा, आणि तुलनेसाठी मातीविना एक बरणी. सात दिवसांनी द्रावणात बेरियम क्लोराइड घालून फिनॉल्फ्थॅलीनवर अर्ध्या नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करा. रिकाम्या बरणीपेक्षा जितके मिलिलिटर आम्ल कमी लागले, त्याला ११ ने गुणा. तेवढे मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड मातीने सोडला. इथे नेहमीची सवय आड येते: खतासाठीचा नमुना आपण सावलीत वाळवतो. वाळवलेली माती पुन्हा ओली केली की मेलेल्या जीवांवर उरलेले जीव तुटून पडतात आणि आकडा फुगतो. जीवांसाठीचा नमुना ओलाच, बर्फाच्या पेटीत आणायचा आणि दोन-तीन दिवसांत तपासायला घ्यायचा.

दुसरी मुळांतली बुरशी. धुतलेली बारीक मुळे १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ९० अंशांच्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात अर्धा ते एक तास ठेवा, ती पारदर्शक दिसेपर्यंत. हातमोजे आणि चष्मा लागतोच, पोटॅश कातडी जाळतो. मुळे पाण्याने नीट धुऊन, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची काळी शाई घालून त्यात तीन मिनिटे उकळा, मग दोन-चार थेंब व्हिनेगर घातलेल्या पाण्यात जादा रंग उतरू द्या. सेंटिमीटरभराचे तुकडे काचपट्टीवर ओळीने लावा आणि शंभर ठिकाणी पाहा: किती ठिकाणी बुरशी दिसली, तेवढे टक्के. सगळ्या शाया चढत नाहीत, एकदा करून पाहावे. पोटॅशमध्ये मूळ कमी वेळ ठेवले तर आतले काही दिसत नाही, जास्त ठेवले तर लगदा होतो. उसाच्या मुळासाठी योग्य वेळ दोन-तीन प्रयत्नांत सापडतो.

तिसरी अगदी सोपी. वाळलेल्या मातीचा बोराएवढा खडा पाण्याच्या ग्लासात जाळीवर ठेवा. बुरशीच्या धाग्यांनी आणि चिकट द्रव्यांनी बांधलेला खडा पाच मिनिटांनंतरही बराचसा टिकतो. बांधणी गेलेली माती लगेच विरघळून तळाशी बसते, आणि चोपण असेल तर ग्लासभर गढूळ होते. शेतकरी मेळाव्यात दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवा: एक पेटवलेल्या फडाचा, एक पाच वर्षे पाचट राखलेल्या फडाचा. भाषणाची गरज पडणार नाही.

या आकड्यांना बाहेरचा मापदंड शोधत बसू नये. त्याच रानाच्या बांधावरची, वर्षानुवर्षे न नांगरलेली, गवताखालची माती हाच मापदंड. ती किती श्वास घेते आणि रानातली किती, एवढी तुलना पुरे. प्रत्येक गटातून पहिल्या वर्षी दहा फड निवडावेत: पाच पेटवलेले, पाच राखलेले, आणि शक्य तिथे दोन्ही एकाच प्रकारच्या जमिनीचे. पूरपट्ट्यातल्या गटांत आणखी चार, ताग केलेले आणि न केलेले. निकाल वार्षिक अहवालात उताऱ्याच्या आकड्यांशेजारी छापावेत, सभासदांना ते पाहण्याचा अधिकार आहे. कृषी महाविद्यालय, शिवाजी विद्यापीठ आणि कोल्हापुरातले ऊस व गूळ संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहेत. तुमच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने मुळे रंगवण्याचे काम तिथल्या कोणाकडून दोन दिवसांत शिकून घ्यावे.

नमुने खोडवा ६० ते ९० दिवसांचा असताना घ्यायचे. डिसेंबरात तुटलेल्या फडांसाठी तो काळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. तेव्हा बर्फाच्या पेट्या, बरण्या, पोटॅश आणि शाई जानेवारीअखेर आणून ठेवावी आणि कोणत्या चिटबॉयने कोणत्या गटातून नमुना आणायचा, हे मोळी टाकण्यापूर्वीच्या (गाळप सुरू होण्यापूर्वीच्या) सभेत ठरवून घ्यावे.

आपले,
माती आणि ऊस या विषयांत काम करणारे काही जण,
कोल्हापूर